ओठांवरील शब्द आणि हातांची भाषा

टिटवाळ्यास महागणपतीपुढे उभे राहणारे कित्येक भाविक एक अक्षरही उच्चारीत नाहीत, तथापि आपले मागणे देवास पोचले याविषयी त्यांस शंका नसते. बहिऱ्या मुलाकडून मात्र आपण आधी उच्चार मागतो. हा आग्रह न्याय्य आहे काय, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

टिटवाळ्यासारख्या गावी अशा मुलाच्या आईबापांपुढे अवघड निवड असते. जवळच्या सर्वसाधारण शाळेत ते शेजारच्या मुलांत वाढेल; पण गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलू लागले, की त्याच्यापुरता वर्ग संपला! दूरच्या विशेष शाळेत त्याला सोबती मिळतील. परंतु त्यापायी रोज कसारा मार्गावरील गाडीची गर्दी सोसावी, नाहीतर वसतिगृहात राहून घराला मुकावे.

इ. स. १८८० मध्ये मिलान येथील परिषदेने मुखभाषणाची पद्धती श्रेष्ठ ठरवून खुणांना वर्गाबाहेर काढले. त्यानंतर पाचच वर्षांनी बिशप म्यूरिन यांच्या पुढाकाराने मुंबईत मूकबधिरांची शाळा निघाली. म्हणजे आपल्याकडे या शिक्षणाचा आरंभ झाला तो त्या मताच्या भरभराटीच्या काळात. मिलानच्या ठरावाबद्दल अशाच परिषदेने खेद प्रकट केला, तो २०१० साली व्हँकुव्हर येथे. एकशे तीस वर्षे!

मुखभाषणाचे कैवारी निर्दय होते, असे आम्ही म्हणत नाही. मुलाच्या तोंडून हाक ऐकावी, ही मातेची इच्छा कोण हसण्यावारी नेईल? आज श्रवणयंत्रे व शस्त्रक्रिया यांच्या साहाय्याने कित्येक मुले उत्तम बोलतातही. परंतु केवळ ओठ वाचणाऱ्यास 'पाय', 'बाय' आणि 'माय' हे तिन्ही शब्द सारखेच दिसतात, हे आरशापुढे उभे राहून कोणीही पडताळून पाहावे. वाणी येईपर्यंत भाषा रोखून धरणे, हा आमच्या मते खरा अन्याय होय. कारण भाषा सहज रुजण्याची वर्षे थोडी असतात व ती वाट पाहात नाहीत.

मग शाळा कोणती, यापेक्षा तेथे मुलाशी बोलू शकणारे कोण आहे, हे आम्ही आधी विचारू. भारतीय सांकेतिक भाषा देशभर प्रमाणित करावी, असे २०२० च्या शैक्षणिक धोरणात लिहिले आहे. परंतु ती शिकण्याचे कष्ट एकट्या मुलाच्याच वाट्याला का यावेत? काही खुणा बापाला एका संध्याकाळीही येतील. तिचे व्याकरण मात्र स्वतंत्र आहे. ते अंगवळणी पडावयास वर्षे लागतात, आणि मूल रांगत असतानाच त्याने ते हाती घेतले पाहिजे.