तिथी गुणिले तीन

दिघीत एक मुलगा होता. बारावी झाली, आयटीआय झालं. २०२१ साली दिघी बंदर अदानींच्या कंपनीकडे गेलं, तेव्हा आपल्यालाही तिथे एखादी खुर्ची मिळेल, असं त्याला वाटलं होतं. खुर्ची काही मिळाली नाही. मिळालं ते खलाशाचं काम, दिघी ते आगरदांडा खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर.

काम अंग मोडणारं होतं. बोट धक्क्याला लागली की दोर टाकायचा, रॅम्प सोडायचा, गाड्या रिव्हर्समध्ये घेऊन खेटून लावायच्या. शेवाळलेल्या उतारावर पाय ठरत नसे. ओल्या दोराने तळहात सोलवटत. शनिवारी दिवेआगर, श्रीवर्धनला निघालेल्या पर्यटकांची रांग लागे, आणि नंबर हुकला की सगळे खलाशावर ओरडत. पावसाळा संपला की मुंबई गाठायची, असं मुलाने ठरवून टाकलं. मित्र मॉलमध्ये होता. दिवसभर उभं राहावं लागलं तरी निदान कपडे तरी कोरडे!

एका संध्याकाळी एक ठेंगणी गाडी रॅम्पवरून उतरताना खालून घासली. गाडीवाला नको नको ते बोलला. बोट रिकामी झाल्यावर मुलगा वर, बोट चालवणाऱ्या सारंगाकडे गेला. सारंग म्हातारा होता, सगळे त्याला चाचा म्हणत.

"चाचा, माझं काय चुकलं? रॅम्प तर मी रोजच्यासारखाच सोडला."

"पाणी रोजच्यासारखं होतं का?"

मुलगा गप्प झाला. चाचांनी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट केलं.

"तिथी बघ."

"पौर्णिमा."

"म्हणजे पंधरा. तीनाने गुण, चाराने भाग."

"सव्वाअकरा."

"सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून सहा तासांनी?"

मुलाने घड्याळ बघितलं. सव्वापाच वाजून गेले होते. खाली धक्क्याचा उतार पार तळापर्यंत उघडा पडला होता, कालवं चिकटलेले दगड दिसत होते.

"सुकती," तो म्हणाला.

"आणि पौर्णिमेचं उधाण. जेवढं चढतं तेवढंच खाली जातं. बोट खाली बसली की रॅम्पचा कोन बदलतो. अशा वेळी ठेंगणी गाडी सरळ काढायची नाही. तिरकी काढायची."

दुसऱ्या दिवसापासून मुलगा सकाळी आल्या आल्या हिशेब करून भरती-सुकतीची वेळ खडूने लिहून ठेवू लागला. ट्रक मधोमध का लावायचा, हे त्याने विचारलं. धक्का समोर असताना चाचा बोटीचं तोंड बाजूला का धरतात, तेही विचारलं. पाणी ओढतं, म्हणाले चाचा. कधी सांगत, कधी वैतागून हाकलून देत. बाकीचे खलाशी हसत. पावसाळा संपला, पण मुंबईचं राहूनच गेलं.

पुढे बोट रिकामी असली की चाचा सुकाणू त्याच्या हातात देऊ लागले. लागेल तेवढी नोकरी भरल्यावर त्याने मेरीटाईम बोर्डाच्या सारंगाच्या परीक्षेचा अर्ज भरला. तोंडी परीक्षेत विचारलं, सुकतीची ओढ जोरात असताना बोट धक्क्याला कशी लावशील? मुलाला आठवावं लागलं नाही. काल काय केलं, ते त्याने सांगितलं.

त्या बोटीवर आणखीही खलाशी होते. त्यांचेही हात सोलवटले, शिव्या त्यांनीही खाल्ल्या. कष्टाने माणूस पुढे जातो असं आपण सहज म्हणून जातो. नुसत्या कष्टाने तो दमतो, एवढंच खरं. हा मुलगा बोलणी खाऊन कोपऱ्यात बसला नाही, चुकलं कुठे ते विचारायला वर गेला. आणि वर सांगणारा माणूस होता, हेही कमी नाही. चाचांनी सुकाणूवरचा हात सोडला नसता, तर विचारून विचारून तो कितीसा पुढे गेला असता?

आता तो सारंग आहे. पगार वाढला, फार नाही. पुढच्या वर्गाच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे. मुंबईचं नाव अजूनही काढतो, पण मॉलसाठी नाही. तिथल्या बंदरात टगवर जागा निघते का, याची चौकशी चाललेली असते.