चुकणारें घड्याळ आणि सत्यनिष्ठा

सत्यनिष्ठ कोणास म्हणावें, असें विचारल्यास ‘जो असत्य बोलत नाहीं त्यास’ असें उत्तर कोणीही सहज देईल. परंतु आपलें सांगणें चुकत आहे हें ज्यास कळलें आहे, आणि तरीही जो तें एकदम न सुधारतां हळूहळू सुधारीत आहे, त्यास काय म्हणावें? हा केवळ तर्काचा खेळ नव्हे. संगणक आपल्या घड्याळाच्या बाबतींत नित्य हेंच करीत असतो.

संगणकाच्या पोटांत क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालणारें एक लहानसें घड्याळ असतें. हा स्फटिक बहुधा सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. परंतु त्याची घडण आणि भोंवतालची उष्णता यांमुळें ही गति किंचित् ढळते. दहा लाखांत वीस भागांची चूक नगण्य भासेल. पण तीच दिवसाकाठीं सुमारें १.७ सेकंद आणि महिन्याअखेर जवळजवळ ५२ सेकंद होते.

यावर डेव्हिड मिल्स या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९८५ मध्यें एक पद्धति प्रसिद्ध केली, व पुढें ती अधिकाधिक निर्दोष केली. तीप्रमाणें संगणक दूरच्या संगणकांस वेळ विचारतो, आणि प्रश्नोत्तरांच्या प्रवासास लागलेला काळ हिशोबांत धरतो. तो एकावरच विसंबत नाहीं. अनेकांस विचारून, इतरांशीं न जुळणारी साक्ष बाजूस सारतो. शिवाय आपण किती प्रमाणांत ढळतों, हें तो टिपून ठेवतो. पूर्वीं जहाजावरील नाविकही हेंच करीत. सफरींत ते घड्याळाचे कांटे फिरवीत नसत. त्याची रोजची चूक माहीत करून घेऊन ती हिशोबांत धरीत.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. चूक १२८ मिलिसेकंदांहून कमी असेल, तर मिल्स यांच्या आज्ञावलींतील रूढ नियमाप्रमाणें घड्याळ एकदम सारखें केलें जात नाहीं. त्याची गति दहा लाखांत फार तर ५०० भागांनीं कमीअधिक केली जाते. एक दशांश सेकंदाची चूक भरून निघण्यास अशा रीतीनें निदान २०० सेकंद लागतात. कारण उघड आहे. घड्याळ एकाएकीं मागें सरकलें, तर मागाहून लिहिलेल्या नोंदीवर आधींची वेळ पडेल, आणि उत्तर प्रश्नाच्या अगोदर आलेलें दिसेल. परंतु तेवढा वेळ तें घड्याळ जाणूनबुजून चुकीची वेळ दाखवीत असतें. ही लबाडी नव्हे काय?

आमच्या मतें नव्हे. ज्याच्यावर इतरांचे व्यवहार विसंबून आहेत, त्यानें आपली चूक काढतांना त्या व्यवहारांची घडी विसकटूं नये, हेंही त्याचें कर्तव्यच आहे. मात्र ही सवलत बिनशर्त नाहीं. चूक १२८ मिलिसेकंदांहून मोठी असून कांहीं काळ तशीच टिकली, तर क्रम मोडण्याचा धोका पत्करूनही घड्याळ एकदम सारखें केलें जातें. आणि ती १००० सेकंदांहून अधिक निघाली, तर आज्ञावली कांहींच न सुधारतां स्वतः थांबते, व निर्णय माणसावर सोपविते. स्वतःच्या निवाड्यावर कोठवर विसंबावें, याचीही मर्यादा तेथें आंखलेली आहे.

यंत्रास सदसद्विवेक नाहीं, हें खरें. पण हे नियम विवेकी माणसांनीं केलेले आहेत. सुधारणा हळूहळू व्हावी, हें वाक्य महाराष्ट्रानें आगरकरांच्या काळापासून पुष्कळ ऐकलें आहे. तें प्रामाणिकपणें बोलणारे होते, तसेच त्याआड लपणारेही होते. या दोघांतील भेद ओळखण्यास तीन प्रश्न पुरे आहेत: चूक किती, हें मोजलें आहे काय? ती रोज कमी होत आहे काय? आणि कोणत्या मर्यादेपलीकडे सावकाशपणा सोडावयाचा, हें आधींच ठरलें आहे काय? ज्याचीं उत्तरें तयार आहेत, त्याचें घड्याळ या क्षणीं चुकत असलें तरी त्यास आम्ही सत्यनिष्ठच म्हणूं. ज्यास हे प्रश्न नकोसे वाटतात, त्याचें घड्याळ आज योगायोगानें बरोबर असलें, तरी त्यावर आम्ही विसंबणार नाहीं.