बाप कोणाला म्हणावे?

हैदराबादेतील आमच्या परिचयाच्या एका मराठी ख्रिस्ती गृहस्थांनी १९९४ साली एक तान्हे मूल घरी आणले. कोर्टाने त्यांना हुकूम दिला तो पालकत्वाचा. बाप म्हणून त्यांचे नाव लागले नाही. कारण १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता. ख्रिस्ती माणसाला उरला १८९० चा पालक व पाल्य कायदा, आणि त्यात मूल सज्ञान झाले की पालकत्व संपते. म्हणजे मुलगा ज्या दिवशी कर्ता झाला त्याच दिवशी कायद्याच्या दृष्टीने तो या घरचा कोणी उरला नाही.

आम्हांस यात एक गोष्ट फार खटकते. पौलाने आपल्या पत्रांत 'दत्तकपण' हा शब्द वापरला, आणि तो तर कायद्याचाच शब्द. शतकानुशतके आपण त्यावर उपदेश ऐकले. पण आपल्याच घरातील दत्तक मुलाला मात्र कायद्याचा आधार नव्हता. १९७२ व १९८० साली संसदेत विधेयके आली, बारगळली. त्यासाठी आपल्या मंडळ्या किती तळमळल्या, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

दार उघडले ते बालन्याय कायद्याने. २००० चा कायदा, २००६ ची दुरुस्ती, आणि २०१४ साली शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय: कोणत्याही धर्माच्या माणसाला या कायद्याखाली मूल दत्तक घेता येते. आता २०१५ च्या कायद्याप्रमाणे हुकुमाच्या तारखेपासून मूल सर्व दृष्टींनी त्या आईबापांचेच. २०२१ च्या दुरुस्तीने तो हुकूम देण्याचे काम कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले.

तरी एक अट राहिलीच. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी कोणीही दत्तक घेता येते; एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. या भीतीला आधार नाही असे आम्ही म्हणणार नाही. वर्तमानपत्रे आपणही वाचता. परंतु चौकशी करावी ती त्या माणसाची. पुरुष एवढ्याच कारणाने दार लावून घेणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

मत्तयाने प्रभूची वंशावळ योसेफापर्यंत आणली आहे. रक्ताचा हिशेब पाहता योसेफाचे तेथे काय काम? तरी बाळाचे नाव ठेवण्याचे काम देवदूताने त्यालाच सांगितले. गावकरीही पुढे येशूला सुताराचा मुलगाच म्हणत. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, वर्गात एखाद्या लेकराला "तुझे खरे वडील कोण?" असे कृपा करून विचारू नका. हजेरीपटावर जे नाव आहे तेच खरे.

आमच्या त्या गृहस्थांना मात्र नव्या कायद्याचा उपयोग नाही. तो लहान मुलांसाठी, आणि यांचा मुलगा तिशी ओलांडून गेला. पत्नी वारली. मृत्युपत्र केले नाही तर घर पुतण्यांकडे जाण्याची भीती. म्हणून गेल्या वर्षी वकील बोलावला. मसुद्यात "माझा पाल्य, ज्यास मी मुलाप्रमाणे वाढविले" असे शब्द होते. म्हाताऱ्याने चष्मा लावला, ती सगळी ओळ खोडली आणि थरथरत्या हाताने वर लिहिले, "माझा मुलगा". वकील म्हणाले, नाव व पत्ता नीट असल्यास चालेल. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. त्यांतली एक आमची.