मुकं चाक

रोह्याला राहणाऱ्या आणि नागोठण्याच्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंच्या गाडीत ऐन आषाढात दोन पिवळे दिवे लागले आणि विझेनात. एक एबीएसचा, दुसरा ट्रॅक्शन कंट्रोलचा. ब्रेक लागत होते, आवाज कसलाही नव्हता. नेहमीच्या गॅरेजातल्या तरुण मेकॅनिकने स्कॅनर लावला. पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरकडून काहीच येत नाही, असं यंत्राने दाखवलं. त्याने सेन्सर बदलला, दिवे तसेच. वायरी तपासल्या, दिवे तसेच. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, एबीएसचं युनिटच गेलंय. नवीन टाकावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून बाई गप्पच झाल्या.

ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याने स्वस्तातली तोड सांगितली. मीटर खोलायचा, दिवाच काढून टाकायचा. "ब्रेक लागतायत ना? मग झालं तर!"

बाईंना ते पटलं नाही. रोज भिसे खिंडीतून जायचं, बरोबर शाळेतल्या दोघी जणी. दिवा लागलाय म्हणजे गाडी काहीतरी सांगतेय, एवढं त्यांना कळत होतं.

गणपतीची मूर्ती सांगायला त्या पेणला गेल्या, तेव्हा हायवेलगतच्या एका जुन्या गॅरेजात त्यांनी गाडी दाखवली. तिथल्या मेस्त्रींच्या हाताखाली अनेक पोरं तयार झाली होती. रोह्याचा तो मेकॅनिकही त्यांचाच चेला.

हाताखालचा पोरगा स्कॅनर घेऊन धावला. मेस्त्रींनी त्याला थांबवलं. "ते नंतर. बाई, दिवे लागायच्या आधी गाडीचं शेवटचं काम काय केलंत?"

बाईंनी आठवून सांगितलं. हायवेच्या खड्ड्यांनी चाक घूं घूं करायला लागलं होतं, म्हणून बेअरिंग बदललं होतं.

"कुठल्या चाकाचं?"

"पुढच्या डाव्या."

"आणि दिवे?"

"त्याच संध्याकाळी. गॅरेजातून निघाले आणि थोडं पुढे जाताच लागले."

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. मेस्त्रींच्या मनात बहुधा तिथेच निदान झालं होतं. तरी त्यांनी गाडीला हात लावला नाही. म्हणाले, "चला, रोह्याला जाऊ. मी येतो तुमच्याबरोबर."

हाताखालच्या पोराला हे कळेना. गिऱ्हाईक आपणहून दारात आलंय, आणि परत पाठवायचं? मेस्त्री म्हणाले, "इथे दुरुस्त केली तर ही गाडी बरी होईल. रोह्याचा तो पोरगा पुढच्या गाडीत हेच करील."

वडखळ गेलं, नागोठणं गेलं. पाऊस कोसळत होता. मेस्त्रींनी बाईंना गाडी सावकाश हाकायला लावली आणि पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवायला सांगितलं. साधे ब्रेक शाबूत होते, पण ओल्या वळणावर जोरात पाय पडला असता तर चाकं जागीच थांबून गाडी घसरली असती, आणि घसरत्या गाडीचं स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी ती वळत नाही. एबीएस नेमकं तेच टाळतं. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा एक सेन्सर असतो. ब्रेक दाबल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार झपाट्याने मंदावलं, की ते अडकणार हे कॉम्प्युटर ओळखतो आणि त्या चाकाचा ब्रेक सेकंदात अनेकदा सोडतो-धरतो. ट्रॅक्शन कंट्रोलही त्याच चार सेन्सरवर चालतं. फरक एवढाच, की ते वेग घेताना जागच्या जागी फिरणारं चाक पकडतं. म्हणून सेन्सर एक बिघडला तरी दिवे दोन लागतात. रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला खांदा देणाऱ्यांपैकी एकाचं पाऊलच कळेनासं झालं तर बाकीचे पालखी थांबवतील. कॉम्प्युटरही तसाच हात आखडता घेतो. चुकीच्या माहितीवर ब्रेक सोडण्यापेक्षा तो एबीएस बंद ठेवतो आणि दिवा लावून तसं कळवतो. असा दिवा काढून टाकणं मला गुन्ह्यासारखंच वाटतं.

रोह्यात मेस्त्रींना दारात बघून तरुण मेकॅनिक चपापला. मेस्त्रींनी चूक दाखवली नाही. चहा घेतला आणि म्हणाले, "सेन्सर काढ. मीटर जोड."

त्याने सेन्सर बाहेर काढला, तारेत मीटर जोडला. मेस्त्रींनी एक लोहचुंबक सेन्सरसमोरून हलवला. मीटरवरचा आकडा 7 मिलिअँपिअरवरून 14 वर गेला, परत 7 वर आला.

"काय झालं?"

"सेन्सर चालतोय, मेस्त्री. वायरही चांगली आहे. युनिटकडून करंटही येतोय."

"मग चाक फिरताना का बोलत नाही?"

तो नुसता बघत राहिला. मेस्त्रींनी त्याच जातीचं एक नवं बेअरिंग मागवलं आणि टाचणी त्याच्या हातात दिली. "दोन्ही बाजूंना लावून बघ."

एका बाजूला टाचणी खाली पडली. दुसऱ्या बाजूच्या काळ्या सीलला ती चटकन चिकटली.

जुन्या गाड्यांत सेन्सरसमोर दात्यांची लोखंडी चकती असायची. ती डोळ्यांना दिसायची, पेणच्या मिठागरांकडच्या खाऱ्या हवेने गंजायची, दात्यांत चिखल अडकायचा. बिघाड कुठे ते बघून कळायचं. आता पुष्कळ गाड्यांत ती चकती गेली आणि बेअरिंगच्या सीलमध्येच उत्तर-दक्षिण ध्रुवांचं चुंबकी कडं आलं. वरून ते साध्या रबरासारखंच दिसतं. ती बाजू सेन्सरकडे, म्हणजे आतल्या अंगाला यायला हवी. बेअरिंग उलटं बसलं तरी चाक सुरळीत फिरतं, घूं घूं बंद होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. सेन्सरसमोर मात्र वाचायला काहीच उरत नाही.

तरुणाने मुकाट्याने चाक खोललं. प्रेसवर बेअरिंग दाबून काढलं आणि टाचणी लावली. चिकटली ती बाहेरच्या बाजूला.

मेस्त्री काही बोलले नाहीत. बाईंकडेही त्यांनी पाहिलं नाही. तरुणाला पळवाट होती. बेअरिंगच खराब निघालं, असं तो म्हणू शकला असता आणि बाईंना ते खरंही वाटलं असतं. हात पुसत तो बाईंसमोर आला. "मॅडम, युनिटला काही झालेलं नाही. बेअरिंग मीच उलटं बसवलं होतं. सेन्सरही चांगला होता, उगाच बदलला. त्याचे पैसे परत देतो."

एकदा दाबून काढलेलं बेअरिंग पुन्हा वापरत नाहीत. नवं त्याने स्वतःच्या खर्चाने बसवलं, या वेळी टाचणी लावून. स्कॅनरवर जुना कोड पुसला. कुंडलिकेच्या पुलाकडे एक फेरी मारली. चारही चाकांचा वेग सारखा दिसला आणि दोन्ही दिवे विझले. मग मोकळ्या रस्त्यावर मेस्त्रींनी बाईंना जोरात ब्रेक दाबायला लावला. पायाखाली पेडल थरथरलं, तशा बाई दचकल्या. "ही थरथर म्हणजे एबीएसचं काम. पाय उचलायचा नाही, दाबूनच धरायचा," मेस्त्रींनी बजावलं.

मेस्त्रींनी परतीच्या एसटीच्या भाड्यापुरतेच पैसे घेतले. बाईंनी पुढेही गाडी त्याच तरुणाकडे दिली. त्याच्या कामाच्या वहीत आता गाडीच्या नंबराखालचा पहिला रकाना असतो, 'याआधी काय काम केलं?'

2019 च्या एप्रिलपासून आपल्याकडे प्रत्येक नव्या मोटारीत एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे हा दिवा आता घरोघरच्या गाडीत आहे. किल्ली फिरवल्यावर तो लागतो का आणि काही क्षणांत विझतो का, हे रोज बघा. जुनी गाडी घेताना तर हटकून बघा; दिवा लागलाच नाही, तर तो कोणीतरी काढलेला असू शकतो. पेटून राहिला, तर मेकॅनिकला गाडीच्या मागच्या कामाची सगळी हकिगत आपणहून सांगा, आणि पिवळ्या दिव्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर गाडी तिथेच उभी करा.