वेठ कुणाची?

कारेल चापेक या चेक लेखकाचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि त्यातून ‘रोबोट’ हा शब्द जगभर गेला. तो सुचवला त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने. चेकमध्ये ‘रोबोटा’ म्हणजे कुळांनी जमीनदाराच्या शेतावर सक्तीने करायचे काम. बोहेमियात ती पद्धत १८४८ साली रद्द झाली. त्या नाटकातले काही प्रवेश इंग्रजीवरून मराठीत आणताना मी याच शब्दापाशी अडले. आपल्याकडे ‘यंत्रमानव’ रुळला आहे. पण चापेकचे रोबोट लोखंडी नाहीतच. ते कारखान्यात कृत्रिम जीवद्रव्यापासून घडवलेले, हुबेहूब माणसासारखे मजूर आहेत. शिवाय ‘यंत्रमानव’मध्ये यंत्र आहे, मानव आहे, राबणे तेवढे नाही. त्या राबण्यासाठी मराठीत नेमका शब्द होता : वेठ.

त्याच सुमारास बडोद्यातल्या आमच्या इमारतीचे ड्रेनेज तुंबले. सेक्रेटरींना फोन मीच केला. दुपारी एक माणूस आला, सदरा काढून चेंबरमध्ये उतरला. हातात मोजे नव्हते. वास येऊ लागला तशी मी खिडकी लावून घेतली. काम संपल्यावर त्याने पाणी मागितले. मी बाटली दिली आणि ‘ठेवा तुमच्याकडेच’ म्हणाले. ऐकायला ते औदार्य वाटले असेल. गटारात माणसाला सुरक्षा-साधनांशिवाय उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

केरळात तयार झालेला ‘बँडिकूट’ नावाचा रोबोट २०१८ मध्ये तिरुअनंतपुरमला मॅनहोल साफ करू लागला. त्याचा यांत्रिक हात आत उतरतो, गाळ उपसून वर आणतो. चालवणारा रस्त्यावर उभा राहून कॅमेऱ्याने दाखवलेले पडद्यावर बघतो. तो चालवायला सफाई कामगारांनाच शिकवण्यात आले. रोबोट माणसाचे काम हिरावून घेतात, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. पण ज्या कामात विषारी वायूने माणूस गुदमरून मरतो, ते काम हिरावलेच गेले पाहिजे.

धोका मला दोन ठिकाणी दिसतो. कामाबरोबर भाकरीही हिरावली जाऊ शकते. खाली उतरणाऱ्याच्या हाती यंत्राचा दांडा न देता तो दुसऱ्याच कुणाला दिला, तर वेठ संपते आणि उपासमार सुरू होते.

दुसरा धोका माझ्यासारखीला आहे. रोबोट आला की खिडकी लावायची गरज उरणार नाही. पाणी मागायला कुणी दारात येणार नाही. मला अवघडल्यासारखे होणार नाही आणि मी बदलणारही नाही. बाटली परत न घेण्यामागची माझी शिवाशिव यंत्राने धुतली जात नाही. उद्या दांडा धरणारा तोच माणूस स्वच्छ कपड्यांत दारात आला, तर मी त्याला घरातल्या पेल्यातून पाणी देईन का? यंत्र याचे उत्तर देणार नाही.

चापेकच्या नाटकात हेलेना रोबोटांच्या मुक्तीसाठी कारखान्यात येते, तेव्हा तिथले अधिकारी तिला समजावतात की यांना काही वाटतच नाही. यंत्राबद्दल ते खरे असेल. पण वेठीला धरलेल्या माणसांबद्दलही मालक हेच म्हणत आले आहेत आणि ती सवय यंत्रांपेक्षा कितीतरी जुनी आहे.

म्हणून चेंबरमध्ये रोबोट उतरावा असेच मला वाटते. फक्त तो उतरला की दोन गोष्टी विचारायच्या : वर आलेल्या माणसाला काम मिळाले का, आणि वर आल्यावर तो आपल्याला माणूस म्हणून दिसला का.

अनुवादात शेवटी मी ‘रोबोट’च ठेवला आणि टिपणात वेठीचा अर्थ सांगितला. त्या टिपणात बाटलीचा उल्लेख करायचे मात्र टाळले. तो आज इथे केला.