एका घरात दोन मालक

एका घरात मालक किती असावेत, हा प्रश्न लग्न झालेल्या माणसाला सहसा पडत नाही; उत्तर ठरलेलं असतं आणि ते बहुधा स्वयंपाकघरात असतं. मला मात्र तो गेल्या महिन्यात पडला, आणि तोही वाय-फायमुळे.

आमचं डोंबिवलीचं घर म्हणजे आगगाडीचे डबे, एकामागे एक. इंटरनेटचा मोडेम पुढच्या खोलीत. त्याची लहर मधल्या खोलीत चालत येते, स्वयंपाकघरात रांगत पोचते आणि मागच्या खोलीच्या दाराशी असलेल्या लोखंडी कपाटाला धडकून प्राण सोडते. त्या कपाटापलीकडे आमचे अण्णा राहतात. वय ८१. मुंबईच्या सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसात त्यांनी ३६ वर्षं तारा घेतल्या आणि पाठवल्या. नागपूरच्या ताईशी बोलायचं, तर त्यांना फोन घेऊन पुढच्या खोलीत यावं लागे; मग ताईशी त्यांच्याआधी आम्ही सगळे बोलत असू.

म्हणून मी 'मेश' आणली. दोन पांढरे डबे. एक वायरने मोडेमला जोडायचा, दुसरा आत कुठेतरी ठेवायचा. मी तो उत्साहाने थेट अण्णांच्या उशाशी नेऊन ठेवला. चिरंजीव हसले. म्हणाले, "बाबा, जिथे लहर पोचतच नाही तिथे हा काय करणार? जिथवर ती धड पोचते तिथे ठेवा, म्हणजे हा पुढे देईल." आयुष्यभर मी अंधारात दिवा लावावा असं समजत होतो. इथे दिवा अर्ध्या वाटेवर लावायचा होता. शेवटी तो स्वयंपाकघरात, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर विराजमान झाला. सौभाग्यवतींनी सवयीने त्यालाही हळदकुंकू वाहू नये, म्हणून मी पहिले दोन दिवस लक्ष ठेवून होतो.

खरी अडचण पुढेच होती. कंपनीने दिलेला मोडेम हा नुसता मोडेम नसतो, त्याच्या पोटात राऊटरही बसलेला असतो. घरातल्या प्रत्येक फोनला नंबर द्यायचा, आलेला निरोप ज्याचा त्याला द्यायचा, हे काम तो करतो. नवा डबाही नेमकं तेच करायला आलेला. म्हणजे एकाच काउंटरवर दोन कारकून आणि दोघेही टोकन वाटणार! याला म्हणे 'डबल नॅट' म्हणतात. बँकेत याला 'नवा मॅनेजर आला, पण जुन्याची बदली झाली नाही' असं म्हणतात. रोजचं काम रेटून नेता येतं, पण बाहेरून कुणी घरात शिरू पाहिलं, उदाहरणार्थ चिरंजीवांच्या खेळातला भिडू, की तो दाराशीच अडकतो.

"दोघांपैकी एकाने मालकी सोडायची," चिरंजीवांनी निकाल दिला. "नव्याने सोडली तर तो नुसती लहर पसरवेल. जुन्याने सोडली तर तो ब्रिज मोडमध्ये जाईल. आपण जुन्याला घालू."

"म्हणजे जुना काढून टाकायचा?"

"छे! तो जागेवरच राहणार. सगळं त्याच्यातूनच जाणार. फक्त काही ठरवायचं नाही त्याने. नुसता पूल."

हे ऐकलं आणि का कोण जाणे, माझी नजर मागच्या खोलीकडे वळली. अण्णा कपाटाला टेकून उभे राहून ऐकत होते.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी हे घर बक्षीसपत्राने माझ्या नावावर केलं. त्या दिवशी मोठ्या तोंडाने मी म्हणालो होतो, "अण्णा, नाव माझं, घर तुमचंच." आणि आठ दिवसांपूर्वी सोसायटीचं पत्र आलं, इमारत पाडून नवी बांधायची म्हणून. संमती द्यायची की नाही, हा सवाल होता. काही वर्षं भाड्याच्या घरात काढावी लागणार. अण्णांना उगाच काळजी नको, म्हणून ते पत्र मी पासबुकांच्या खाली सरकवून ठेवलं होतं.

"पूल व्हायला काही हरकत नाही रे," अण्णा म्हणाले. "आम्ही जन्मभर दुसरं काय केलं? तार एका लाइनीवर घ्यायची, दुसरीवर द्यायची. मजकूर आमचा नाही, निर्णय आमचा नाही. शब्द मोजायचे, एकही गाळायचा नाही, एवढाच आमचा अधिकार. त्यात कमीपणा कधी वाटला नाही." मग जरा थांबून म्हणाले, "फक्त तार आमच्यातून जायला हवी. ती परस्पर दुसरीकडून गेली की आम्ही पूल नाही, अडगळ. सोसायटीचं पत्र आलंय म्हणे. वॉचमन सांगत होता."

देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा अण्णा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ते त्या दिवशीही इतक्या शांतपणेच बोलले होते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, तत्त्वज्ञानात कच्चा. पण एवढं मात्र कळलं, की म्हाताऱ्या माणसाकडून किल्ल्या घेणं हा अन्याय नाही. घरात मालक एकच हवा, नाहीतर टोकनांचा गोंधळ होतो. अन्याय होतो तो किल्ल्यांबरोबर बातमीही काढून घेतली की. आणि त्याला आपण 'काळजी नको म्हणून' असं गोंडस नाव देतो.

पासबुकांखालून पत्र काढून मी अण्णांना दिलं. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, बहुधा शब्द मोजले. "सही तुझी," ते म्हणाले, "पण भाड्याचं घर तळमजल्यावर बघ."

मोडेम आता ब्रिज मोडमध्ये आहे. दिवे पूर्वीसारखेच लुकलुकतात. मागच्या खोलीत लहर उत्तम येते. अण्णा मात्र ताईशी बोलायला अजूनही पुढच्या खोलीत येतात. म्हणतात, "तिथे एकट्याशीच काय बोलायचं?"