पट्टा मारणारा कोणत्या बाजूला?

आपल्या सभांमध्ये एक वाक्य फार सोपं झालं आहे. रेघ म्हणजे गुलामी, सगळ्या रेघा पुसून टाका! मीही हे बोललो आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. पण मी पोटासाठी रेघाच मारतो. कारखान्यांत, गोदामांत जमिनीवर पिवळे पट्टे रंगवतो. म्हणून हा प्रश्न माझ्या हाताला रंगासारखा चिकटला आहे, आणि थिनरनं निघत नाही.

भद्रावतीच्या माणसाला हे काम समजावून सांगायला नको. एका अंगाला आयुध निर्माणी, भोवताली कोळशाच्या खाणी, पलीकडे चंद्रपूरचं वीज केंद्र. घरटी एक माणूस कुठल्या तरी गेटातून आत जातो. आत गेलं की पायाखाली पट्टा.

पट्टा मारणं म्हणजे नुसता ब्रश फिरवणं नव्हे. आधी जमिनीवरचं तेल-ग्रीस काढायचं, जुना रंग घासायचा, ओल सुकू द्यायची. ओलीवर मारलेला रंग पोपडे धरतो. मग दोघांनी दोन टोकांना दोरी ताणायची, खडूची भुकटी लावून झटका द्यायचा. उमटलेल्या रेघेच्या दोन बाजूंना टेप लावायची आणि मधे रंग भरायचा. इपॉक्सी असेल तर दोन डबे मिसळल्यावर बसायला सवड नाही, डब्यातच दगड होतो. बहुतेक ठिकाणी पिवळा म्हणजे चालायची वाट, पिवळा-काळा तिरपा म्हणजे धोका, लाल म्हणजे आग विझवायचं सामान, हिरवा म्हणजे प्रथमोपचार. निरक्षर माणसालाही वाचता येईल अशी ही बाराखडी आहे.

आता सांगा, ही रेघ पुसायची? फोर्कलिफ्ट दोन टन माल उचलून मागं येतो, चालवणाऱ्याला मागचं धड दिसत नाही. तिथं पट्टा पुसला तर क्रांती होणार नाही. कोणाचा तरी पाय जाईल, आणि तो पाय बहुधा आपल्याच वस्तीतला असेल.

म्हणजे रेघ आणि रेघ एक नाही. मग फरक कसा ओळखायचा?

स्फोटकं भरण्याच्या कारखान्यांत जगभर एक रीत आहे. धोक्याच्या खोलीच्या दारात एक आडवी हद्द असते. अलीकडची बाजू मळकी, पलीकडची स्वच्छ. हद्द ओलांडायची तर बाहेरचे जोडे अलीकडे काढायचे, आतले घालायचे, काडेपेटी देऊन टाकायची. कारण जोड्याला चिकटलेला एक खडाही ठिणगी पाडू शकतो. आता आपल्या आज्याला आठवा. सवर्णांच्या आळीतून जाताना त्यानंही पायातली वहाण काढली होती, हातात धरली होती. कृती तीच, वहाण काढणं. मग एक शहाणपण आणि दुसरा जुलूम का?

कारखान्याच्या दारात साहेबालाही जोडा काढावा लागतो. आळीच्या तोंडाशी पाटलाची वहाण पायातच होती. कारखान्याच्या हद्दीला कारण विचारलं तर ती सांगते, ठिणगी. आळीला कारण विचारलं तर काठी उत्तर द्यायची. आणि तिसरी गोष्ट. दारूगोळा हलवला की धोक्याची हद्दही हलते. जातीची रेघ माणूस शिकला, न्हाला, शहरात गेला, मेला, तरी त्याच्या मागं मसणापर्यंत येते. पहिली रेघ विचारते, काय येतंय? दुसरी विचारते, तू कोण?

मुंबईच्या गिरण्यांत हे उघडं दिसलं. विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण अस्पृश्यांना तिथं मज्जाव. कारण धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि यांचा उष्टा धागा इतरांना चालत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवा असं ठणकावलं. जरा विचार करा. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागतो, त्यातून रोग पसरू शकतो. हा खरा धोका. त्याच्यासाठी गिरणीत रेघ नव्हती. रेघ होती ती जातीसाठी. खोटी रेघ खऱ्या धोक्याची जागा अशी खाऊन टाकते.

पण इथंच थांबलो तर मी कारखानदाराचा भाट ठरेन. पिवळा पट्टा शहाणा आहे, कबूल. पण पट्टा मारणारा कोणत्या बाजूला आहे?

एका गोदामात आम्ही दोघं रात्री पट्टे मारत होतो. रात्री, कारण दिवसा माल थांबत नाही. रात्रीही थांबला नाही. आम्ही गुडघ्यावर बसून वाट रंगवत होतो आणि त्याच वाटेवरून फोर्कलिफ्ट फिरत होता. सोबती ओरडला, "का गा भाऊ, दिसत नाही का?" तो बिचारा म्हणाला, "मले गाडी टाइमात भरून द्याची हाय गा." ओल्या पट्ट्यावर चाक उमटलं. सकाळी आमचे पैसे कापले, पट्टा खराब झाला म्हणून. चाक सोबत्याच्या पायापासून वीतभर होतं, ते कोणत्याच वहीत आलं नाही. जो पट्टा माणसाला चाकापासून वाचवतो, तो मारणाऱ्या माणसाभोवती पट्टा नव्हता.

आणखी ऐका. पिवळ्या रंगात शिशाचं क्रोमेट घालण्याची रीत जुनी आहे, रंग चमकतो आणि टिकतो. जुना पट्टा घासला की ती भुकटी नाकात जाते, कपड्यांवरून घरी जाते, लेकरापर्यंत पोचते. शिसं लेकराच्या मेंदूला मारतं. सरकारनं २०१६ साली नियम केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लावला. घरगुती आणि सजावटीच्या रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको. चांगला नियम. पण औद्योगिक रंग त्यात धरलेच नाहीत. म्हणजे दिवाणखान्याची भिंत रेघेच्या आत आणि कारखान्याची जमीन बाहेर. ही रेघ कोणी मारली? कायद्यानंच.

तेव्हा माझं म्हणणं असं. रेघ न्यायाची की अन्यायाची हे तिच्या रंगावर ठरत नाही, हेतूवरही पूर्ण ठरत नाही. ती मारणाऱ्यालाही लागू आहे का, आणि तिच्यावर चालणाऱ्याला जाब विचारता येतो का, यावर ठरतं. जिथं जाब विचारता येत नाही तिथं सुरक्षेची रेघसुद्धा हळूहळू मालकाच्या सोयीची होते. मग अपघात झाला की उलट विचारतात, "तू पट्ट्याच्या बाहेर कशाला गेलास?"

महाड आठवा. चवदार तळं खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेनं १९२४ सालीच केला होता. कागदावर रेघ पुसली गेली होती, पाण्यावर होती तशीच राहिली. २० मार्च १९२७ ला पावलं पाण्यापर्यंत गेली तेव्हा ती मोडली. पट्ट्याचंही तेच, फक्त उलटं. जमिनीवर रेघ आहे, वागण्यात नाही. तिथंही माणसं उभी राहिल्याशिवाय ती खरी होत नाही.

उभं राहायला जागा आहे. १९८४ साली भोपाळ झालं. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात कामगाराला सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क आला. १९४८ चा तो कायदा आता राहिला नाही, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता आली. पण माहिती मागण्याचा हक्क तिच्याही कलम १४ मध्ये आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, हे आपण जयंतीला सांगतो. गेटच्या आत कधी सांगणार?

म्हणून सगळ्या रेघा पुसा असं मी यापुढं म्हणणार नाही. उद्या पाळीवर जाल तेव्हा पायाखाली बघा आणि तीन गोष्टी मोठ्यानं विचारा. हा पट्टा साहेबालाही आहे का? धोका सरकला तेव्हा पट्टा सरकला का? आणि तो मारताना रंगाऱ्याच्या तोंडावर मास्क होता का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.

जयभीम.